निर्यातीचा आकडा सोलून कसा पाहावा

एखाद्या विकसनशील देशाच्या निर्यातीवर टिपण लिहायचं काम अंगावर आलं की बहुतेक जण एकाच ओळीपाशी थांबतात: यंदा निर्यात अमुक अब्ज डॉलर झाली, गेल्या वर्षीपेक्षा तमुक टक्क्यांनी जास्त. हा आकडा खोटा नसतो, पण तो साल आणि कोय धरून केलेल्या फळाच्या वजनासारखा असतो. शर्टाचं कापड बाहेरून आलेलं, फोनची चिप बाहेरून आलेली, हिरा कच्चा असताना बाहेरून आलेला. या सगळ्यांची किंमत निर्यातीत मोजलेली असते. शोधायचं आहे ते एवढंच की शंभर डॉलरचा माल बंदरातून गेला तर देशात किती डॉलर उरले, ते कोणाच्या हाती उरले आणि पुढच्या वर्षी उरतील का.

हे काम नव्याने करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, पत्रकारासाठी किंवा व्यापारी संस्थेतल्या उमेदवारासाठी पुढच्या पायऱ्या आहेत. साधनं थोडीच लागतात: एक स्प्रेडशीट, संयुक्त राष्ट्रांचं ‘कॉमट्रेड’ हे व्यापार-आकडेवारीचं भांडार, त्या देशाच्या सीमाशुल्क खात्याचे तक्ते आणि मध्यवर्ती बँकेचा व्यवहारतोलाचा, म्हणजे देशात आलेल्या-गेलेल्या परकीय चलनाच्या हिशेबाचा, अहवाल. पहिल्या देशाला चार-पाच दिवस सहज जातात. दुसऱ्याला निम्मे पुरतात.

पायरी १: मालाची नावं सोडा, कोड धरा

‘वस्त्रोद्योग’, ‘इलेक्ट्रॉनिक्स’, ‘कृषिमाल’ हे शब्द प्रत्येक देश आपापल्या सोयीने वापरतो. कुठे सूतही वस्त्रोद्योगात धरतात, कुठे फक्त शिवलेले कपडे. त्यामुळे दोन देशांची किंवा दोन अहवालांची तुलना नावांवरून करू नका. जागतिक सीमाशुल्क संघटनेची एचएस (हार्मनाइज्ड सिस्टिम) ही मालाची वर्गवारी १९८८ पासून लागू आहे आणि तिचे पहिले सहा अंक सगळीकडे सारखे असतात. पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण, चार म्हणजे शीर्षक, सहा म्हणजे उपशीर्षक. त्यापुढचे अंक प्रत्येक देशाचे स्वतःचे. भारत आठ अंकी कोड वापरतो.

काही कोड तोंडपाठ असले की काम झपाट्याने होतं. ०९०१ कॉफी, ०९०२ चहा, ०६०३ तोडलेली फुलं, १८०१ कोकोच्या बिया, २६०३ तांब्याचं खनिज, ७४०३ शुद्ध तांबं, ८५१७ फोन, ८५४२ चिप, ३००४ तयार औषधं. कपड्यांची दोन प्रकरणं आहेत: ६१ म्हणजे निट, आपल्याकडे ज्याला होजिअरी म्हणतात ते, ६२ म्हणजे वोव्हन, मागावरच्या कापडाचे कपडे. सुती टी-शर्ट ६१०९१० मध्ये जातो, पुरुषांची सुती पँट ६२०३४२ मध्ये. ही दोन प्रकरणं एकत्र मिसळू नका. का ते चौथ्या पायरीत कळेल.

आधी दोन अंकी पातळीवर गेल्या पाच वर्षांचा तक्ता काढा, वरची दहा प्रकरणं निवडा, आणि फक्त त्या दहांत सहा अंकांपर्यंत उतरा. सगळंच सहा अंकी घेतलंत तर पाच हजारांवर ओळी होतात आणि काहीच दिसेनासं होतं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली अगदी क्षुल्लक: स्प्रेडशीट ०९०१ मधलं पुढचं शून्य गिळून टाकते, ९०१ उरतं आणि कॉफी तक्त्यातून गायब होते. कोडचा रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्या. दुसरी चूक ओळखायला अवघड. एचएस दर पाच वर्षांच्या सुमारास बदलतं. २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ या त्याच्या आवृत्त्या. एखाद्या मालाची निर्यात २०२१ मध्ये भरघोस आणि २०२२ मध्ये शून्य दिसली तर कारखाना बंद पडला असं लिहिण्याआधी तो माल शेजारच्या नव्या कोडमध्ये गेला आहे का, हे पाहा.

पायरी २: कोणाचा आकडा, कुठल्या वर्षाचा

एकाच देशाच्या निर्यातीचे तीन आकडे मिळतात. सीमाशुल्क खातं बंदरावर भरलेल्या कागदांवरून मोजतं. मध्यवर्ती बँक व्यवहारतोलासाठी त्यात दुरुस्त्या करते आणि प्रत्यक्ष आलेल्या परकीय चलनाशी ताडून पाहते. निर्यात प्रोत्साहन देणारी सरकारी संस्था तिसरा आकडा जाहीर करते, आणि तो बहुधा सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत गोंडस असतो. कारण उघड आहे; वाढ दाखवणं हे तिचं कामच.

हा फरक किती मोठा असू शकतो याचा धडा बांगलादेशाने दिला. जुलै २०२४ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने २०२३–२४ च्या पहिल्या दहा महिन्यांची निर्यात नव्याने मांडली, तेव्हा ती प्रोत्साहन संस्थेच्या आकड्यापेक्षा १० अब्ज डॉलरहून अधिक कमी निघाली. एकच माल एकाहून जास्त वेळा मोजला जाणं हे त्यामागचं एक कारण होतं. निर्यात क्षेत्रातला, म्हणजे निर्यातीसाठी सवलती देऊन आखलेल्या औद्योगिक भागातला, कारखाना दुसऱ्या निर्यातदाराला कापड विकतो, ती ‘निर्यात’ म्हणून नोंदली जाते. मग त्याच कापडाचे कपडे बाहेर जातात आणि पुन्हा पूर्ण किमतीला नोंदले जातात. त्यामुळे बँकेत आलेले डॉलर आणि बंदरावरची निर्यात यांत मोठी फट दिसली की ती दरवर्षी रुंदावते आहे का, ते तपासा. पैसे उशिरा येतात म्हणून थोडी फट राहणारच. सतत वाढणारी फट ही मोजणीची चूक असते किंवा पैसा बाहेरच ठेवला जात असतो.

आता छोट्या पण नडणाऱ्या गोष्टी. निर्यात एफओबी किमतीत नोंदतात, म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंतची किंमत. आयात बहुतेक देश सीआयएफ किमतीत नोंदतात, म्हणजे भाडं आणि विमा धरून. म्हणून ‘क्ष’ ची ‘य’ ला निर्यात आणि ‘य’ ची ‘क्ष’ कडून आयात हे आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. पाच-दहा टक्के फरक साहजिक समजा. बांगलादेशाचं आर्थिक वर्ष जुलै ते जून, भारताचं एप्रिल ते मार्च, व्हिएतनामचं जानेवारी ते डिसेंबर. तिघांना एका रांगेत बसवायचं तर मासिक आकडे घेऊन कॅलेंडर वर्ष स्वतः बांधा.

किंमत आणि वजन हे दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवा. कॉफी, कोको, तांबं यांत तर हे केलंच पाहिजे. जगात भाव वाढला की निर्यात वाढलेली दिसते, प्रत्यक्षात पोती तेवढीच गेलेली असतात, कधी कमीसुद्धा. मूल्याला वजनाने भागा. जो सरासरी दर येईल तो मागच्या वर्षाशी ताडला की वाढ भावाची होती की मालाची, हे दोन मिनिटांत कळतं.

सेवा सीमाशुल्काच्या तक्त्यात येतच नाहीत. फिलिपिन्सची कॉल सेंटरं, भारताचं सॉफ्टवेअर, मालदीवचं पर्यटन यांसाठी व्यवहारतोलातलं सेवांचं पान उघडावं लागतं. परदेशी गेलेल्या कामगारांनी घरी पाठवलेला पैसा ही निर्यात नव्हे. पण नेपाळसारख्या देशात मालाच्या निर्यातीपेक्षा तोच कैक पटींनी मोठा आहे, म्हणून टिपणात त्याची ओळ हवीच.

पायरी ३: देश कशावर उभा आहे

वरच्या दहा मालांचे टक्के काढा. ते दशांशात लिहून (८० टक्के म्हणजे ०.८०) प्रत्येकाला त्यानेच गुणून बेरीज केली की एकवटलेपणाचा एक साधा निर्देशांक मिळतो. एका देशात एकच माल ८० टक्के आणि बाकी पाच माल प्रत्येकी ४ टक्के असतील तर ०.६४ अधिक पाच वेळा ०.००१६, म्हणजे ०.६४८. दुसऱ्या देशात पाच माल प्रत्येकी २० टक्के असतील तर ०.२०. आकडा जितका १ च्या जवळ, तितकी सगळी अंडी एका टोपलीत. अंक्टाड ही संयुक्त राष्ट्रांची व्यापार-विकास संस्था मालाच्या निर्यातीत कच्च्या मालाचा वाटा ६० टक्क्यांच्या वर गेला की त्या देशाला कच्च्या मालावर अवलंबून असलेला देश मानते.

निर्देशांक काढून हात झटकू नका. बांगलादेशात तयार कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून जास्त आहे, झांबियात तांब्याचा सुमारे ७० टक्के. निर्देशांक दोघांना एकाच पंक्तीत बसवतो, पण धोके अगदी वेगळे. तांब्याचा भाव लंडनच्या धातू बाजारात ठरतो आणि एका वर्षात तीस टक्के हलू शकतो. खाणीत पैसा प्रचंड लागतो, माणसं त्या मानाने थोडी. म्हणून भाव पडला की पहिला फटका सरकारी तिजोरीला बसतो. कपड्यांचा भाव असा कोसळत नाही, तो वर्षानुवर्षं हळूहळू खाली ढकलला जातो. इथे लाखो माणसं यंत्रांवर बसलेली असतात, त्यामुळे मागणी घटली की पहिला फटका मजुरीला आणि कामाच्या तासांना.

शेतमालाचं तिसरंच गणित. आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात, तरी भावावर त्यांची हुकमत चालत नाही. झाड लावल्यापासून फळ यायला काही वर्षं जातात आणि साठवणूक खरेदीदारांच्या गोदामात असते. आणि शेतमाल बाहेरून आणलेल्या खतावर, डिझेलवर उभा असतो हे विसरलं जातं. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी थांबवली. डॉलर वाचवणं हेही एक कारण होतं. चहाचं उत्पादन घसरलं, म्हणजे जो माल डॉलर आणतो त्याच्याच मुळावर घाव बसला. प्रत्येक निर्यात मालासमोर ‘याला बाहेरून काय लागतं’ हा रकाना ठेवण्याचं हेच कारण.

पायरी ४: सोलणं

या पायरीवर सर्वाधिक वेळ घाला. आकडे खाली धरले आहेत ते समजण्यापुरते, पण मांडणी खऱ्या खर्चपत्रकासारखीच आहे.

एक सुती पँट, एफओबी ८ डॉलर. आयात केलेलं कापड ३.६० डॉलर. चेन, बटणं, लेबलं, खिशाचं कापड, ज्याला धंद्यात ट्रिम म्हणतात, ०.९० डॉलर. झाली आयात ४.५०, उरले ३.५०. त्यातून मजुरी १.४०, वीज, गॅस, वाहतूक आणि बँकेचे आकार ०.९०, स्थानिक खोकी-पिशव्या ०.३०, मालकाचा वरखर्च आणि नफा ०.९०. विजेच्या आणि वाहतुकीच्या खर्चात साधारण ०.३० डॉलरचं इंधन आयातीचं धरलं तर देशात उरले ३.२०, म्हणजे ४० टक्के. कारखाना परदेशी मालकाचा असेल आणि वरखर्च-नफ्याच्या ०.९० मधला निम्मा तो बाहेर नेत असेल तर २.७५ डॉलर, म्हणजे ३४ टक्के.

आता सुती टी-शर्ट, एफओबी ३ डॉलर. कापूस बाहेरचा, ०.८० डॉलर. पण सूतकताई, विणणं, रंगाई देशातच. रंग-रसायनं ०.२०, लेबल आणि किरकोळ ०.१०. आयात १.१०, देशात उरले १.९०, म्हणजे ६३ टक्के.

बांगलादेशात निट आणि वोव्हनमधला फरक असाच आहे. निटसाठी लागणारं सूत बऱ्याच अंशी देशातल्या गिरण्यांतून येतं, वोव्हनचं कापड मोठ्या प्रमाणात चीनमधून. म्हणून वरच्या प्रमाणांनी वोव्हनची निर्यात ५० कोटी डॉलरने वाढली आणि निटची ४० कोटींनी, तर मथळा वोव्हनचा होईल. देशात मात्र वोव्हनमुळे २० कोटी उरतील आणि निटमुळे २५ कोटी.

याच पत्रकात कारखानदाराची झोप का उडते तेही दिसतं. कापड १० टक्क्यांनी महागलं, म्हणजे ३.६० चं ३.९६ झालं, आणि खरेदीदाराने दर बांधून ठेवला असेल, तर वरखर्च-नफ्याचे ०.९० डॉलर ०.५४ वर येतात. कापडात दहा टक्के, वरखर्च-नफ्यात चाळीस टक्के.

कारखान्याचं खर्चपत्रक हाती नसेल तर आयातीच्या तक्त्यातून अंदाज बांधा. प्रत्येक निर्यात मालाची जोडी आयातीत शोधायची. ६१ साठी ५२०१ कापूस, ५२०५ सूत आणि ६० निट कापड. ६२ साठी ५२०८ ते ५२१२ सुती कापड, ५४०७ आणि ५५१२ ते ५५१६ कृत्रिम धाग्यांचं. दोघांसाठी ९६०६ बटणं, ९६०७ चेन, ५८०७ लेबलं. फोनसाठी ८५४२ चिप आणि ८५०७ बॅटरी. हिऱ्यांसाठी ७१०२३१ कच्चे आणि ७१०२३९ पैलू पाडलेले; सुरतेचा धंदा समजून घ्यायचा तर या दोन ओळी पुरेशा आहेत. जोडीतली आयात निर्यातीतून वजा करा, निर्यातीने भागा.

हा अंदाज दोन कारणांनी घसरतो. कापड आधी येतं, कपडे दोन-तीन महिन्यांनी जातात. म्हणून महिन्याचा महिना ताडू नका, वर्ष ताडा, आणि शक्य असेल तर आयातीचं वर्ष एक तिमाही मागे सरकवा. दुसरं, सगळंच कापड निर्यातीसाठी नसतं, काही स्थानिक बाजारात जातं. बॉन्डेड गोदामांतून, म्हणजे शुल्क न भरता फक्त निर्यातीसाठी आणलेल्या मालातून, किती आयात झाली हे सीमाशुल्क खातं वेगळं देत असेल तर तोच आकडा घ्या. मात्र बॉन्डेड कापड चोरवाटेने स्थानिक बाजारात उतरतं, ही अनेक देशांतली जुनी तक्रार आहे. मग आयातीचा वाटा आहे त्याहून मोठा दिसतो.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये मालकीही पाहावी लागते. व्हिएतनामच्या निर्यातीत परदेशी गुंतवणुकीच्या कंपन्यांचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. सॅमसंगचा बाक निन्ह इथला कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर फोन हा त्या देशाचा आघाडीचा माल बनला. एवढ्यावरून ‘हे तर नुसतं जुळणीकाम’ असं म्हणून मोकळं होणं घाईचं ठरेल. स्थानिक पुरवठादार किती आणि ते काय देतात, यावर सगळं अवलंबून आहे. खोकी, साध्या प्लॅस्टिकच्या वस्तू आणि जेवणाचे डबे पुरवणारे शंभर असले, तरी एक चांगला मोल्डिंग-डाय, म्हणजे सुटे भाग घडवायचा अचूक साचा, बनवणारा जास्त मोलाचा.

पायरी ५: माल कोणाकडे जातो, आणि कोणत्या सवलतीने

खरेदीदार देशांची यादी काढताना झांबियाचं उदाहरण लक्षात ठेवा. तिच्या तांब्याचा मोठा ग्राहक म्हणून वर्षानुवर्षं स्वित्झर्लंडचं नाव झळकतं. तांबं त्या डोंगरांत जात नाही; तिथे व्यापारी कंपन्यांची कार्यालयं आहेत, कागद तिथे जातो आणि माल दुसरीकडे. नेदरलँड्स, सिंगापूर, हाँगकाँग, संयुक्त अरब अमिराती ही नावं वर दिसली की हीच शंका घ्या. उपाय म्हणजे आरसा-आकडे: निर्यातदार काय सांगतो ते सोडा, आयात करणारे देश ‘त्या देशातून आलं’ म्हणून काय नोंदतात ते पाहा.

मग सवलती. युरोपीय संघ संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या सर्वांत कमी विकसित देशांना २००१ पासून शस्त्रं सोडून बाकी सगळ्यावर शून्य शुल्क देतो. बहुतेक कपड्यांवर त्याचं नेहमीचं शुल्क १२ टक्के आहे. वरची ८ डॉलरची पँट भाडं-विमा धरून ८.४० ला पोचली तर शुल्क १ डॉलर. कारखान्याचा वरखर्च आणि नफा मिळून ०.९० होता. सवलत गेली की कोणाच्या खिशाला चाट बसणार, यावरच पुढची सगळी घासाघीस चालते.

सवलतीला अट असते मूळ-देशाच्या नियमांची. १ जानेवारी २०११ पूर्वी शून्य शुल्कासाठी नुसती शिवण पुरत नसे, कापडही देशातच विणलेलं लागे. त्या तारखेपासून सर्वांत कमी विकसित देशांना फक्त शिवण पुरते. म्हणूनच चिनी कापडाची पँट बांगलादेशातल्या चितगाव बंदरातून शून्य शुल्काने युरोपात जाते. देश त्या यादीतून वर गेला की जुनी अट परत येते. निटवाले तरतात, वोव्हनवाले अडकतात. बांगलादेशाने यादीतून बाहेर पडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली आणि युरोपीय संघ त्यानंतरही तीन वर्षं सवलत ठेवतो. अशा तारखा मागे-पुढे होत असतात. टिपण देण्याच्या दिवशी पुन्हा तपासा.

सवलत एका सहीने जाऊही शकते. अमेरिकेच्या अगोआ या आफ्रिकेसाठीच्या सवलतीतून इथिओपियाला १ जानेवारी २०२२ पासून वगळण्यात आलं, यादवी युद्धातल्या मानवी हक्कांच्या प्रश्नावरून. तिथलं हवासाचं औद्योगिक उद्यान तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचं होतं आणि अमेरिकी बाजार डोळ्यांसमोर ठेवून उभारलेलं. याउलट १ जानेवारी २००५ ला कपड्यांचे जागतिक कोटे, म्हणजे कोणत्या देशाने श्रीमंत देशांना किती कपडे विकायचे याच्या मर्यादा, संपले, तेव्हा बांगलादेश बुडेल अशी भाकितं झाली होती. तसं झालं नाही. कारणं शोधायला पुढची पायरी.

पायरी ६: कारखान्यापासून जहाजापर्यंत दिवस मोजा

९० दिवसांची एक ऑर्डर मांडून पाहा. कापड विणून तयार व्हायला ३० दिवस, समुद्रातून यायला १८, बंदरातून सुटायला ६, कटिंग आणि शिवण २४, धुलाई-इस्त्री-तपासणी-पॅकिंग ८, परतीच्या बंदरावर ४. कापड देशातच मिळालं तर समुद्राचे १८ आणि बंदराचे ६ असे २४ दिवस वाचतात. फॅशन सहा आठवड्यांनी बदलते त्या बाजारात ही बचत मजुरीतल्या फरकापेक्षा मोठी ठरते.

उशीर झाला तर? कारखाना स्वतःच्या खर्चाने विमानाने माल पाठवतो, आणि विमानाचं भाडं जहाजाच्या कैक पट. एका खेपेत हंगामाचा नफा जातो. म्हणून ‘वीज किती तास जाते’, ‘बंदरात कंटेनर किती दिवस पडून राहतो’ हे प्रश्न मजुरीच्या दराइतकेच विचारा. चितगाव बंदर उथळ आहे. मोठी जहाजं आत येत नाहीत, लहान जहाजांनी कोलंबो किंवा सिंगापूरला नेऊन माल मोठ्या जहाजावर चढवावा लागतो. इथिओपियाला समुद्रच नाही. तिचा बहुतांश व्यापार जिबूतीतून जातो. केनियातल्या नैवाशाच्या फुलांना तर दिवसही परवडत नाहीत, तास मोजावे लागतात. फुलं तोडल्यापासून विमानात चढेपर्यंत थंडाव्याची साखळी तुटली तर नुकसान लिलावात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं.

पैशाचा रस्ताही मोजा. बांगलादेशाच्या कपड्यांचा धंदा उभा राहिला तो बॉन्डेड गोदाम आणि बॅक-टू-बॅक एलसी या दोन सोयींवर. परदेशी खरेदीदाराचं पतपत्र (एलसी), म्हणजे मालाची कागदपत्रं पुरी झाली की पैसे देण्याची बँकेची हमी, आपल्या बँकेकडे ठेवायचं, त्याच्या आधाराने बँक कापडवाल्याच्या नावे दुसरं पतपत्र काढते. खिशात भांडवल नसलेला माणूसही कापड आणू शकतो. एखाद्या देशात स्वस्त मजूर असूनही कारखाने का उभे राहत नाहीत, याचं उत्तर पुष्कळदा अशी सोय नसण्यात सापडतं.

पायरी ७: कौशल्य झिरपतं का

निर्यात क्षेत्रं जुनी कल्पना आहे. कांडला १९६५, मॉरिशस १९७०, श्रीलंकेतलं कटुनायके १९७८. क्षेत्राची जमीन, करसवलत, कंपन्यांची संख्या हे सगळं माहितीपुस्तिकेत मिळतं. ते चार ओळींत उरका. विचारण्याजोगे प्रश्न दोनच: कुंपणाबाहेरून किती माल विकत घेतला जातो, आणि तिथून बाहेर पडलेली माणसं पुढे काय करतात.

दुसऱ्या प्रश्नाचं गाजलेलं उत्तर बांगलादेशातच आहे. १९७८ मध्ये देश गार्मेंट्स या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवूशी करार केला आणि १३० जणांना शिकायला कोरियाला पाठवलं. पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या ११५ जणांनी नोकरी सोडली. बरेचसे इतरांच्या कारखान्यांत गेले, कित्येकांनी स्वतःचे काढले. कंपनीचा तोटा झाला, देशात मात्र धंदा पसरला. २००५ नंतर बांगलादेश का तरला, याचा एक धागा इथे आहे: ऑर्डर घेणारी, दर लावणारी, लाइन चालवणारी माणसं कोटे संपण्याच्या कितीतरी आधी तयार झाली होती.

दुसरी बाजूही नोंदवा. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशातली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली. इमारतीला भेगा पडल्याचं आदल्या दिवशी दिसलं होतं, तरी कामगारांना आत पाठवलं गेलं. वेळेवर माल देण्याचा दबाव, बेकायदा चढवलेले मजले आणि ढिली तपासणी यांचा तो परिणाम होता. क्षेत्राचा अभ्यास करताना इमारत तपासणीचे अहवाल, किमान मजुरी शेवटची कधी बदलली आणि संघटना नोंदवता येते का, ही माहिती परिशिष्टात न ढकलता खर्चपत्रकाशेजारीच ठेवा. मजुरीचे १.४० डॉलर तिथूनच ठरतात.

कच्चा माल बाहेर न जाऊ देता देशातच प्रक्रिया करायची, असाही मार्ग आहे. इंडोनेशियाने १ जानेवारी २०२० पासून निकेलच्या खनिजाची निर्यात बंद केली आणि वितळभट्ट्या देशात आल्या, मुख्यतः चिनी भांडवलाने. इथेही चौथ्या पायरीचंच पत्रक मांडा. भट्टीचा कोळसा, करमाफी आणि बाहेर जाणारा नफा वजा केल्यावर काय उरतं, ते पाहिल्याशिवाय धोरण यशस्वी की फसलं हे लिहू नका.

पायरी ८: डॉलर आले, पुढे काय

परकीय गंगाजळीला महिन्याच्या सरासरी आयातीने भागा. तीन महिन्यांची आयात भागेल एवढी गंगाजळी हा जुना ठोकताळा आहे. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबवली, त्याच्या आधी हा भागाकार कित्येक महिने खाली घसरत होता. चलनाचा दरही पाहा. एका खनिजाचे डॉलर भरभरून आले की चलन वधारतं, आणि मग कपडे, फुलं, मासळी विकणाऱ्याला तेवढ्याच डॉलरचे स्थानिक पैसे कमी मिळतात. नेदरलँड्सला ग्रोनिंगेन इथे नैसर्गिक वायू सापडल्यानंतर हे भोगावं लागलं, म्हणून त्याला ‘डच रोग’ म्हणतात.

टिपण लिहिताना पहिल्या पानावर एकच तक्ता ठेवा: माल, कोड, निर्यात, आयातीची जोडी, देशात उरलेली टक्केवारी, मुख्य खरेदीदार, सवलत आणि ती संपण्याची तारीख. प्रत्येक आकड्याखाली तो कोणत्या दिवशी, कुठून उतरवला आणि एचएसची कोणती आवृत्ती होती हे लिहा, आणि उतरवलेली मूळ फाइल जपून ठेवा. सीमाशुल्काचे आकडे मागाहून बदलतात. सहा महिन्यांनी कोणी तुमची बेरीज जुळत नाही म्हणून विचारायला आलं, तर दाखवायला जुनी फाइल हाताशी हवी.